उंदराच्या कवटीवरून बाळाच्या कवटीबद्दल काय कळतं? (सांधे वेळेआधी जुळणे आणि प्राण्यांवरचं संशोधन)

कवडसा

'शास्त्रज्ञांनी उंदरांची जुळलेली कवटी पुन्हा मोकळी केली' अशा मथळ्याची बातमी अधूनमधून फिरत असते. ज्यांच्या घरी कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेलं बाळ आहे त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: आमच्याकडे हे कधी येणार? दरवेळी तेच उत्तर टंकण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मी हाडांच्या वाढीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे बाळाचे फोटो टाकून निदान विचारू नका, प्लीज.

आधी पाया. बाळाच्या कवटीचं छप्पर एकसंध नसतं. कपाळाची दोन हाडं, वरची दोन, मागचं एक आणि त्यांच्यामध्ये तंतुमय ऊतीच्या पट्ट्या. या पट्ट्या म्हणजे सूचर, आपण सांधे म्हणू. नवीन हाड पट्टीच्या दोन्ही कडांवर चढत जातं आणि मधली ऊती मात्र मऊच राहते. पहिल्या वर्षात मेंदू साधारण दुपटीने वाढतो, तेवढी जागा याच पट्ट्यांमुळे होते. एखादा सांधा वेळेआधी हाडाने भरला की त्याला काटकोनात होणारी वाढ अडते आणि ती कसर बाकीचे सांधे काढतात. रुडॉल्फ विर्चोने हे १८५१ मध्ये मांडलं आणि ढोबळ मानाने ते आजही टिकून आहे. डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाणारा सॅजिटल सांधा जुळला तर डोकं लांबट आणि चिंचोळं होतं. आडवा कोरोनल दोन्ही बाजूंनी जुळला तर रुंद आणि आखूड. एकाच बाजूने जुळला तर कपाळ त्या बाजूला चपटं पडतं. कपाळाच्या मधला मेटॉपिक जुळला तर कपाळ त्रिकोणी दिसतं. दोन ते अडीच हजार जन्मांमागे एखाद्या बाळात हे आढळतं, त्यात निम्म्याच्या आसपास सॅजिटल. बहुतेक बाळांना दुसरा काही दोष नसतो. उरलेल्यांत एपर्ट, क्रूझॉन, सेथर-चॉटझन असे सिंड्रोम असतात.

मग प्राणी कशाला? कारण माणसाचा सांधा हातात येतो तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर, म्हणजे जुळून गेल्यावर. चोरी होऊन गेल्यावरचा पंचनामा तो. जुळणं कुठून सुरू झालं, कोणत्या पेशींनी सुरुवात केली, हे बघायचं तर गर्भातल्या दिवसांपासून बघावं लागतं.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग १९९० च्या दशकातला, उंदीर-घुशींच्या कवटीवरचा. यांच्या कवटीत एकच सांधा नेमाने जुळतो: कपाळाच्या हाडांमधल्या सांध्याचा मागचा भाग, जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत. सॅजिटल आणि कोरोनल जवळजवळ आयुष्यभर मोकळे राहतात. संशोधकांनी काय केलं, तर पिल्लांच्या कवटीची मधली पट्टी, दोन्ही सांध्यांसकट, कापून उचलली आणि पुढचं टोक मागे येईल अशी फिरवून परत बसवली. खालचं ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, जागच्या जागी ठेवलं. आता जुळणारा सांधा न जुळणाऱ्याच्या आवरणावर आला आणि न जुळणारा जुळणाऱ्याच्या. निकाल आवरणाच्या बाजूने लागला! खाली जुळवणारं ड्युरा असेल तर वरचा सांधा कुठलाही असो, तो जुळला. त्याआधी १९९३ मध्ये उंदरांतच दिसलं होतं की गर्भातला कोरोनल सांधा दुसरीकडे लावताना ड्युरा काढून लावला तर तो बुजतो आणि ड्युरासकट लावला तर मोकळा राहतो. तोपर्यंत सगळं लक्ष हाडाच्या कडांकडे होतं. हुकूम निदान काही प्रमाणात खालून येतो, हे मूषकांनी शिकवलं.

जनुकांचा भाग प्रतिसादांत घेऊ, पोस्ट फार लांबली.

शंकासुर

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: टाळू लवकर भरली म्हणजे हेच का?

कवडसा

नाही. टाळू ही हाडांच्या कोपऱ्यांमधली मोकळी जागा, सांधा म्हणजे हाडांच्या कडांमधली पट्टी. टाळू लवकर भरूनही सांधे छान मोकळे असू शकतात, आणि सांधा जुळलेला असतानाही टाळू उघडी असू शकते. डॉक्टर बघतात ते डोक्याचा आकार, घेर आणि सांध्यावर हाताला लागणारा उंचवटा.

टवाळ

म्हणजे एका बाजूला झोपून डोकं चपटं झालेली सगळी बाळं आता रांगेत उभी राहणार 😀

मृण्मयी

टवाळ, विषय निघालाच आहे तर लिहिते (मी न्यूरोसर्जरीत आहे). झोपण्यामुळे आलेला चपटेपणा हा वेगळा प्रकार आणि तो कितीतरी जास्त आढळतो. बाळांना पाठीवर झोपवा हा सल्ला १९९२ पासून दिला जाऊ लागला, त्यानंतर अचानक येणारे बाळमृत्यू खूप कमी झाले आणि चपटी डोकी वाढली. वरून बघितलं तर यात डोकं कललेल्या समांतरभुज चौकोनासारखं दिसतं, चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो. याला शस्त्रक्रिया लागत नाही. शंका असेल तर तपासून घ्या, मनातल्या मनात घोळवू नका.

कवडसा, जनुकांचं लिहाच. आमच्याकडे पालक छापील बातमी घेऊन येतात.

कवडसा

लिहितो.

सांधे जुळण्याशी जोडलेलं पहिलं जनुक १९९३ मध्ये सापडलं, एमएसएक्स२. या दोषाचा 'बॉस्टन' प्रकार असलेल्या एका कुटुंबात. प्रथिनातला १४८ वा घटक बदललेला, बस. मग एफजीएफआर२: १९९४ मध्ये क्रूझॉनशी, १९९५ मध्ये एपर्टशी संबंध जुळला. एपर्टच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत दोनच बदल आढळतात, २५२ व्या किंवा २५३ व्या जागी. १९९७ मध्ये सेथर-चॉटझनसाठी ट्विस्ट१. यातले बरेच बदल मग उंदरांत घातले गेले.

त्यात ट्विस्ट१ चा उंदीर सगळ्यात उपयोगी ठरला असं माझं मत. जनुकाची एक प्रत बंद केली की पिल्लांचा कोरोनल सांधा जुळतो, अगदी माणसासारखा. आणि तो का जुळतो हेही बऱ्यापैकी कळलं. कपाळाचं हाड न्यूरल क्रेस्टच्या (गर्भात मज्जासंस्थेच्या कडेला तयार होणाऱ्या) पेशींपासून बनतं, वरचं पार्श्विका हाड मध्यस्तरापासून (गर्भाच्या पेशींच्या मधल्या थरापासून). म्हणजे कोरोनल सांधा दोन वेगळ्या घराण्यांच्या सीमेवर आहे (हे २००२ मध्ये पेशींना खूण करून दाखवलं गेलं). निरोगी उंदरात या दोन घराण्यांच्या पेशी आपापल्या हद्दीत राहतात. ट्विस्ट१ अर्धं झालं की हद्द पुसट होते आणि हाड बनवायला निघालेल्या पेशी सांध्यात घुसतात. २००६ मध्ये हे दिसलं.

सूक्ष्मदर्शकाखाली कसं दिसतं तेही सांगतो, कारण बातम्यांतल्या चित्रांत ते कळत नाही. कातडी काढून कवटी अल्कोहोलमध्ये ठेवायची, अ‍ॅलिझरिनने रंगवायची, मग पोटॅशच्या पातळ द्रावणात आणि ग्लिसरीनमध्ये मांस पारदर्शक होईपर्यंत वाट बघायची. हाड गडद लाल, बाकी सगळं काचेसारखं. कोरोनल सांध्यात दोन हाडांच्या कडा एकमेकींवर तिरप्या चढलेल्या असतात, त्यामुळे निरोगी कवटीत तिथे लाल रंगाचे दोन थर आणि मधे फिकट फट दिसते. ट्विस्ट१ च्या पिल्लात त्या फटीच्या एखाद्या तुकड्यात लाल रंग सलग होतो. पूर्ण सांधा एकदम नाही, अमुक ठिकाणी एक पूल, मग तो पसरतो. एकाच विणीतल्या एका भावंडात उजवीकडे, दुसऱ्यात दोन्हीकडे, तिसऱ्यात काहीच नाही. जनुक तेच. नवख्याने वरवर बघितलं तर चढलेल्या कडाच जुळल्यासारख्या वाटतात, म्हणून काप घेऊन किंवा मायक्रो-सीटी करून खात्री करावी लागते.

अनुजा_म

आमच्या मुलाचा सॅजिटल होता, शस्त्रक्रिया झाली, आता छान आहे. सिंड्रोम नाही, जनुक तपासणीत काही निघालं नाही. तुम्ही लिहिताय ते सगळं कोरोनलबद्दल. सॅजिटलचा उंदीर नाही का?

कवडसा

अनुजाताई, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. माणसांत सगळ्यात जास्त आढळतो तो एकटा सॅजिटल, सिंड्रोमशिवाय. आणि उंदरांची सगळ्यात चांगली मॉडेलं आहेत सिंड्रोमच्या कोरोनलची. एकाच जनुकातला ठळक बिघाड उंदरात घालणं सोपं, म्हणून तिथे काम जास्त झालं. त्यात उंदराचा सॅजिटल सांधा मुळात जुळायला नाखूष, माणसाचा मात्र तिशीच्या आसपास आपणहून जुळू लागतो. तेव्हा उंदराची कवटी ही माणसाच्या कवटीची छोटी आवृत्ती समजू नये.

पण अगदीच अंधार नाही. २०१२ मध्ये बऱ्याच कुटुंबांचा जनुकसंच तपासून सॅजिटलचा संबंध बीएमपी२ आणि बीबीएस९ या जनुकांच्या परिसराशी दिसला. २०१६ मध्ये दिसलं की सॅजिटल आणि मेटॉपिकच्या काही बाळांत एसएमएडी६ हे जनुक बिघडलेलं असतं. गंमत म्हणजे तोच बिघाड निरोगी आई किंवा वडिलांतही सापडत होता. बीएमपी२ जवळचा एक अगदी सर्रास आढळणारा बदल सोबत आला की मगच जोखीम खूप वाढते. बीएमपी हाड बनवण्याचा संदेश देतं आणि एसएमएडी६ त्याला आवर घालतं, तेव्हा एकाने जोर केला आणि दुसऱ्याने लगाम सोडला, असं काहीसं.

'दोघं मिळून' हा प्रकार उंदरांतही आहे. टीसीएफ१२ ची एक प्रत घालवली तर उंदराला काही होत नाही. ट्विस्ट१ ची एक आणि टीसीएफ१२ ची एक अशा दोन्ही घालवल्या तर कोरोनल सांधे एकट्या ट्विस्ट१ पेक्षा जास्त जुळतात. त्याच वेळी, २०१३ मध्ये, माणसांतही टीसीएफ१२ चे बदल सापडले.

टवाळ

म्हणजे माणसाच्या सगळ्यात नेहमीच्या आजारासाठी उंदीर नाही आणि दुर्मीळ आजारासाठी झकास उंदीर आहे. कंदील जिथे आहे तिथेच किल्ली शोधायची, असंच ना?

मृण्मयी

टवाळ, थोडं अन्यायाचं होतंय. ससे राहिले की. पिट्सबर्ग विद्यापीठात न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांचं एक घराणं होतं ज्यात कोरोनल सांधा आपोआप जुळायचा. जनुकात कोणी हात घातला नव्हता, जन्मतःच. काहींत जन्माच्या वेळीच जुळलेला, काहींत नंतर. कवटीच्या आतला दाब वाढतो का, शस्त्रक्रियेनंतर कवटी कशी वाढते, हे सशांत मोजता आलं, कारण आकार हाताळण्याजोगा आहे. त्याही आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, निरोगी सशांच्या पिल्लांचे कोरोनल सांधे चक्क सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने चिकटवून पुढची वाढ बघितली होती. चिकटवलेल्या सांध्यामुळे नुसतं छप्परच नाही, तर कवटीचा तळ आणि चेहराही बदलला. आम्ही बाळांच्या कवटीत हाडं हळूहळू दूर सारणाऱ्या ज्या स्प्रिंगा बसवतो, त्यांची सुरुवातही सशांवरच झाली. सॅजिटलला आज स्प्रिंग खूप ठिकाणी वापरतात. तेव्हा अनुजा, प्राण्यांवरच्या कामाचा तुमच्या मुलासारख्या बाळांना फायदा झालाय, फक्त तो जनुकाच्या वाटेने नाही, शस्त्रक्रियेच्या वाटेने आला.

पशुवैद्य

पग, बुलडॉग यांचा विषय कोणी ना कोणी काढणारच म्हणून आधीच लिहितो. त्यांचं आखूड थोबाड हा वेगळा प्रकार आहे. तिथे मुख्यतः कवटीच्या तळातल्या कूर्चेची वाढ लवकर थांबते आणि माणसाने निवडून निवडून तशी पैदास केलेली असते. त्याला कवटीच्या छपराच्या सांध्यांचं मॉडेल म्हणता येणार नाही.

शंकासुर

बरं झालं, मी विचारणारच होतो 🙂

आता मूळ बातमीवर या ना. उंदरांची जुळलेली कवटी मोकळी केली ते काय होतं?

कवडसा

ते २०२१ चं काम, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातलं, 'सेल' या विज्ञान नियतकालिकात आलेलं. २०१५ मध्ये त्याच गटाने दाखवलं होतं की सांध्यात ग्ली१ ही खूण असलेल्या मूलपेशी असतात आणि कवटीच्या हाडांची डागडुजी त्या करतात. ट्विस्ट१ च्या उंदरात जुळलेल्या सांध्याजागी या पेशी उरलेल्याच नसतात. म्हणून त्यांनी जुळलेल्या जागी हाड कापून फट केली आणि त्यात निरोगी उंदराच्या ग्ली१ पेशी, विरघळणाऱ्या जिलेटिनच्या जेलमध्ये घालून, भरल्या. नुसती फट केली तर ती पुन्हा हाडाने भरते. पेशी घातल्यावर तिथे सांधा तयार झाला आणि टिकला. कवटीतला दाब उतरला, आणि उंदरांच्या वागण्याच्या चाचण्यांतही सुधारणा दिसली.

हे काम भारी आहे, त्यात वाद नाही. कारण औषधं देऊन जुळणं रोखण्याचे आधीचे प्रयोग जुळण्याच्या आधी उपचार करत होते. २००७ मध्ये एपर्टच्या उंदरांत एमईके हा संदेशवाहक अडवणारं यू०१२६ रसायन दिलं तर सांधे जुळणं बरंच टळलं, पण ते गर्भातल्या काळापासून दिलं होतं. २००३ मध्ये नॉगिन हे बीएमपीला अडवणारं प्रथिन घातल्यावर उंदरातला नेमाने जुळणारा सांधाही मोकळा राहिला, पण तेही जुळण्याच्या आधी. बाळाचं निदान होतं ते डोक्याचा आकार बदलल्यावर. तोपर्यंत 'आधी' संपलेलं असतं. अशी बातमी आली की मी पहिल्यांदा हेच बघतो: उपचार जुळण्याआधी दिला की नंतर? मग सांधा कोणता आणि प्राणी कोणता ते.

मृण्मयी

माझी भर: एमईके अडवणारी औषधं कर्करोगासाठी माणसांत वापरात आहेत आणि त्यांचे दुष्परिणाम आम्हाला ठाऊक आहेत. निरोगी आईला गरोदरपणात असं काही देऊन गर्भातल्या बाळाच्या प्रत्येक अवयवाची वाढ पणाला लावणं कोणालाच पटणार नाही. पेशींच्या वाटेतही अडचण आहेच. उंदराला निरोगी उंदराच्या पेशी दिल्या. बाळाला कोणाच्या देणार? स्वतःच्या दिल्या तर जनुकातला दोष त्यांच्यातही असणार. सिंड्रोम नसलेल्या बाळाच्या मोकळ्या सांध्यातून पेशी घेता येतील का, हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे.

अनुजा_म

आणि वागण्यात सुधारणा झाली म्हणजे? आम्हाला सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते, मेंदूची.

कवडसा

त्या उंदरांत शिकण्याच्या आणि सामाजिक वागण्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. पण यावरून सरसकट निष्कर्ष काढू नका. एपर्टच्या उंदरांत असं दिसलंय की मेंदूचा आकार जन्माच्या वेळीच वेगळा असतो, नुसता सांध्याने दाबल्यामुळे नाही, कारण एफजीएफआर२ मेंदूच्या वाढीतही काम करतं. म्हणजे काही सिंड्रोममध्ये मेंदू आणि कवटी दोघांवर एकाच कारणाचा परिणाम झालेला असतो. एकट्या सॅजिटलचं गणित त्यापेक्षा वेगळं आणि बरंच सौम्य. तुमच्या मुलाला एपर्टच्या उंदराचं माप लावू नका.

आणि हाच एपर्टचा उंदीर दुसरीकडे दगा देतो. एपर्टच्या बाळांची हातापायांची बोटं जुळलेली असतात, ते तर त्या सिंड्रोमचं ओळखचिन्ह. २५२ व्या जागी बदल केलेल्या उंदराची बोटं मात्र सुटी! मुएन्के सिंड्रोमचा उंदीर त्याहून वरताण: माणसात तो बदल कोरोनल सांधा जुळवतो, उंदरात सांधा क्वचितच जुळतो, पण ऐकू मात्र हमखास कमी येतं. मुएन्केच्या माणसांनाही ऐकू कमी येतं. तेव्हा कवटीसाठी आणलेला उंदीर कानाच्या कामाला आला.

टवाळ

आता गंभीर प्रश्न. एपर्टमध्ये वडिलांच्या वयाचा संबंध असतो म्हणतात, खरं का?

मृण्मयी

खरं आहे. १९९६ मध्ये ५७ रुग्णांत तपासलं तेव्हा नवा बदल प्रत्येकात वडिलांकडून आलेला होता. शुक्राणू बनवणाऱ्या ज्या पेशीत हा बदल होतो, तिला वाढायला फायदा मिळतो आणि वयानुसार अशा पेशींचे पुंजके वाढत जातात. तरीही एपर्ट दुर्मीळच. कोणा बापाला दोष देण्यासाठी ही माहिती वापरू नका, कृपया.

पशुवैद्य

उंदीर, ससे झाले, मासे राहिले. प्राण्यांच्या नैतिक मंजुरीच्या समितीवर काम केलंय म्हणून मला त्यात रस आहे. जिथे माशांवर भागतं तिथे ससे नकोत, असं आम्ही नेहमी विचारायचो.

कवडसा

झेब्राफिशमध्ये काम झालंय आणि ते देखणं आहे. २०१८ मध्ये ट्विस्ट१बी आणि टीसीएफ१२ ही दोन्ही जनुकं बिघडवलेल्या माशांत कोरोनल सांधा जुळतो हे दाखवलं. कोवळ्या वयात झेब्राफिश इतका पारदर्शक असतो की तोच मासा पुन्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हाड रोज कुठे वाढलं ते बघता येतं. उंदराचा मात्र दर दिवसासाठी वेगळा जीव द्यावा लागतो. त्यात असं दिसलं की सांधा जुळण्याच्या बऱ्याच आधी हाडांची वाढ बिघडलेली असते: सुरुवातीला वेगात, मग मंद. म्हणजे नंतरच्या वाढीसाठी राखून ठेवलेल्या पेशी आधीच खर्च झाल्या असाव्यात. वर मूलपेशींबद्दल लिहिलं त्याच्याशी हे छान जुळतं.

उणीव अशी की माशात कोरोनल सांधा त्या दोन घराण्यांच्या सीमेवर नाही, सीमा कपाळाच्या हाडातूनच जाते. तरी सांधा जुळला. त्यामुळे वर मी सीमेबद्दल एवढं रंगवून सांगितलं ती पूर्ण गोष्ट नसणार.

आणि समितीच्या प्रश्नाला उत्तर: कवटीतला दाब आणि शस्त्रक्रियेनंतरची वाढ माशात मोजता येत नाही. तिथे अजून तरी ससा किंवा त्याहून मोठा प्राणीच लागतो. मेंढीच्या गर्भातही सांधे मुद्दाम जुळवून गर्भातच शस्त्रक्रिया करून बघितल्या गेल्यात, १९९० च्या दशकात.

शंकासुर

यानंतर काही नवीन?

कवडसा

२०२३ चं 'नेचर' मधलं काम वाचा. सांध्यात एकाच प्रकारच्या मूलपेशी नसतात असं त्यात दिसलं. एका प्रकारातून ट्विस्ट१ काढलं की त्या पेशी घटतात आणि डीडीआर२ खूण असलेल्या दुसऱ्याच पेशी फोफावतात, त्या आधी कूर्चा बनवून मग हाड करतात. म्हणजे ज्यांच्यात दोष घातला त्या पेशींनी सांधा बुजवलाच नाही, बुजवला शेजाऱ्यांनी. २०२१ च्या पेशीरोपणाशी हे कसं जुळवायचं, यावर आमच्या प्रयोगशाळेत अजून भांडणं चालू आहेत. त्यावर वेगळा धागा काढेन, आकृत्यांसकट.

अनुजा_म

काढा. आणि त्यात सॅजिटलला थोडी जास्त जागा द्या.